गाठीच्या प्लेगचे निदान: पीसीआरच्या अहवालावर किती विसंबावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रामीण रुग्णालयात एखादा रुग्ण अचानक हुडहुडी भरून आलेला ताप आणि जांघेत हात लावू देणार नाही इतकी दुखरी गाठ घेऊन आला, आणि गावात उंदीर मरून पडत असल्याची बातमीही कानावर आली, तर गाठीतील स्रावाची पीसीआर चाचणी (जिवाणूच्या डीएनएचा तुकडा शोधणारी) काही तासांत होऊ शकत असताना कल्चरसाठी, म्हणजे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्यासाठी, दिवसच्या दिवस का थांबावे? आणि पीसीआर पॉझिटिव्ह आली, तर तेवढ्या आधारावर प्लेगचे निदान लिहून मोकळे व्हावे का? रेण्वीय निदानाच्या प्रयोगशाळेत बसणाऱ्याच्या नजरेतून याचे उत्तर देतो.

आधी उपचारांचे बोलू, कारण तिथे थांबायला जागाच नाही. गाठीच्या प्लेगवर उपचार झाले नाहीत, तर साधारणपणे निम्मे किंवा त्याहून अधिक रुग्ण दगावतात, आणि गाठीतले जिवाणू रक्तात व तिथून फुप्फुसात उतरले की रुग्णाला वाचवणे अवघड होत जाते. म्हणून संशय पक्का वाटला की नमुना घ्यावा आणि लगेच स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन यांपैकी रुग्णाला योग्य असेल ते औषध सुरू करावे. नमुना घ्यायला माणूस किंवा साहित्य नसेल, तर औषध अडवून धरू नये. तापाच्या रुग्णाला सवयीने सेफ्ट्रियाक्सोन लावून देण्याची आपल्याकडची पद्धत इथे उपयोगाची नाही. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन या गटांवर प्लेगमध्ये भिस्त ठेवता येत नाही. पीसीआरचा अहवाल येईपर्यंत दोन डोस पोटात गेलेले असतील, आणि ते तसेच असायला हवे. मग त्या अहवालावर काय ठरते? संपर्कातील लोकांना प्रतिबंधक औषध द्यायचे की नाही, गावात पिसवांवर फवारणी करायची की नाही, जिल्ह्याला आणि राज्याला कोणत्या शब्दांत कळवायचे, आणि हाच रुग्ण प्लेगचा नसेल तर खरा आजार कोणता, हे सारे त्या कागदावर ठरते. म्हणूनच तो कागद नीट वाचता आला पाहिजे.

कल्चर सावकाश का होते, हे एकदा लक्षात घ्यावे. येर्सिनिया पेस्टिस हा प्लेगचा जिवाणू सुमारे २८ अंश सेल्सिअसला सर्वांत चांगला वाढतो, आणि तरीही रक्त-अगार या वाढीच्या माध्यमावर चोवीस तासांनी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. ओळखण्याजोग्या वसाहती यायला अठ्ठेचाळीस तास लागतात. त्यानंतर ओळख पटवणे आले, विशिष्ट बॅक्टेरियोफाजने (जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूने) जिवाणू फुटतो का ते पाहणे आले. नमुन्यात दुसरे जिवाणू मिसळलेले असतील, तर ते भराभर वाढून याला झाकून टाकतात. आणि रुग्णाने आधीच कुठून तरी प्रतिजैविकाच्या चार गोळ्या घेतल्या असतील, तर कल्चर उगवतच नाही. पीसीआरला जिवंत जिवाणू लागत नाही, त्याचा डीएनए पुरतो. त्यामुळे औषध सुरू झाल्यानंतर घेतलेल्या नमुन्यातही ती काही काळ उत्तर देऊ शकते. डीएनए वेगळा काढण्यापासून यंत्रावरील आलेख पूर्ण होईपर्यंत तीन ते चार तास लागतात. शिवाय योग्य लायसिस (पेशी फोडणाऱ्या) द्रावणात जिवाणू मारून मगच पुढचे काम करता येत असल्याने, जिल्हा पातळीवरच्या प्रयोगशाळेत ते कल्चरपेक्षा सुरक्षितपणे होते. इथपर्यंत आपले म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे.

आता नमुन्याकडे येऊ, कारण चाचण्या फसतात त्यांपैकी बऱ्याच इथेच फसतात. पहिल्या काही दिवसांत प्लेगच्या गाठीत पू नसतो. ती सुजलेली, रक्ताळलेली, टणक गाठ असते, आणि नुसती सुई खुपसून ओढले तर सिरिंजमध्ये काहीही येत नाही. म्हणून दहा मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये एक ते दोन मिलिलिटर निर्जंतुक सलाइन भरून घ्यावे, कातडी स्वच्छ करून वीस गेजच्या आसपासची सुई गाठीच्या मध्यभागी न्यावी, सलाइन आत सोडावे आणि पुन्हा ओढावे, आणि ओढलेला द्रव किंचित लालसर दिसेपर्यंत हे दोन-चार वेळा करावे. लालसर झाला याचा अर्थ गाठीतला ऐवज सिरिंजमध्ये आला. पाण्यासारखा स्वच्छ द्रव परत आला असेल, तर प्रयोगशाळेत पोहोचले ते केवळ आपलेच सलाइन, आणि त्याचा निगेटिव्ह अहवाल कोऱ्या कागदाएवढ्याच किमतीचा. त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकासाठी काचपट्टीवर, थोडा भाग कॅरी-ब्लेअर या वाहतुकीच्या माध्यमात कल्चरसाठी आणि उरलेला निर्जंतुक कुपीत पीसीआरसाठी, अशी वाटणी तिथेच करावी. फॉर्मॅलिन अजिबात घालू नये. रक्त पाठवायचे असेल तर ईडीटीएच्या नळीत पाठवावे, कारण रक्त गोठू न देणारे दुसरे द्रव्य, हेपॅरिन, पीसीआरची अभिक्रिया अडवते. मात्र गाठीच्या प्लेगमध्ये रक्तात जिवाणू सतत नसतात, ते अधूनमधून उतरतात. रक्ताची पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून गाठ निर्दोष ठरत नाही.

प्रश्नाचा खरा गाभा मात्र 'पॉझिटिव्ह' म्हणजे नेमके कशाला पॉझिटिव्ह, हा आहे. पीसीआर जिवाणू पाहत नाही. त्याच्या डीएनएचा आपण निवडलेला एक छोटा तुकडा पाहते. येर्सिनिया पेस्टिस हा येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलॉसिस या आतड्याच्या तुलनेने सौम्य जिवाणूपासून काही हजार वर्षांपूर्वीच वेगळा झालेला आहे, आणि उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ अगदी थोडा आहे. दोघांचे मुख्य गुणसूत्र इतके सारखे आहे, की फक्त प्लेगच्याच जिवाणूत सापडेल असा तुकडा शोधण्यासाठी पुष्कळ कष्ट पडतात. म्हणून पहिल्यापासून चाचणी करणाऱ्यांची नजर गेली ती प्लेगच्या जिवाणूने नव्याने मिळवलेल्या दोन प्लाझ्मिडांकडे, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या सुट्या कड्यांकडे. एक लहान, सुमारे साडेनऊ हजार अक्षरांचे, ज्यावर पीएलए हे जनुक आहे. दुसरे मोठे, सुमारे एक लाख अक्षरांचे, ज्यावर एफ-१ आवरणाचे प्रथिन बनवणारे कॅफ-१ जनुक आहे. लहान प्लाझ्मिडाच्या प्रती एकेका जिवाणूत शेकड्याच्या घरात असतात, त्यामुळे पीएलएवर आधारलेली चाचणी अत्यंत संवेदनशील होते. नमुन्यात मोजके जिवाणू असले तरी ती त्यांना पकडते. बरीच वर्षे अनेक प्रयोगशाळा या एका जनुकावर निर्धास्त होत्या.

ती निर्धास्ती २०१५ साली संपायला हवी होती. त्या वर्षी युरोपातील काळ्या आणि तपकिरी उंदरांच्या नमुन्यांत, जिथे प्लेगचा मागमूसही नव्हता अशा ठिकाणी, पीएलए जनुकाचा भाग सापडल्याचे प्रसिद्ध झाले. शिवाय सिट्रोबॅक्टर कोसेरी आणि ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूंच्या काही वाणांतही (उपप्रकारांतही) तशाच क्रमवारीचा तुकडा असल्याचे दिसले. उलट बाजूने, पीएलए नसलेले प्लेगचे वाणही निसर्गात आढळतात. म्हणजे केवळ पीएलएवर बसवलेली चाचणी दोन्ही दिशांना चुकू शकते, आणि ती पॉझिटिव्ह आली म्हणून 'प्लेग' लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उंदरांच्या नमुन्यांच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

यावरचा मार्ग म्हणजे किमान दोन लक्ष्ये (पीसीआरने शोधायचे डीएनएचे तुकडे), आणि शक्य तर तिसरे गुणसूत्रावरचे. मादागास्करमधील पाश्चर संस्था आज जगातील सर्वाधिक प्लेगचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांपैकी आहे. अंतानानारिवो येथील या प्रयोगशाळेत पीएलए आणि कॅफ-१ यांची रिअल-टाइम पीसीआर (डीएनए वाढत असतानाच आलेखावर दाखवणारी) करतात, आणि उत्तर संदिग्ध आले तर पीएलए, कॅफ-१ व गुणसूत्रावरील एक लक्ष्य अशा तिघांची साधी पीसीआर करून निकाल लावतात. आपल्या अहवालावर कोणती जनुके तपासली ते छापलेले नसेल, तर प्रयोगशाळेला फोन करून विचारावे; हा प्रश्न विचारणे अपमानास्पद नाही, आणि उत्तर देता न येणे हे मात्र चिंताजनक आहे.

इथे एक बारकावा सांगतो, जो छापील अहवालात दिसत नाही पण आलेखात दिसतो. कोविडमुळे सीटी मूल्य आता सर्वांच्या ओळखीचे झाले आहे: जितक्या कमी आवर्तनांत रेषा वर चढते, तितका नमुन्यात लक्ष्य-डीएनए जास्त. दर आवर्तनात डीएनए दुप्पट होतो, म्हणजे सात आवर्तनांत सव्वाशेपटीहून थोडा अधिक. पीएलएच्या प्रती जिवाणूमागे शेकड्याने असतात आणि गुणसूत्र एकच असते, तेव्हा दोन्ही चाचण्यांची कार्यक्षमता सारखी धरली तर खऱ्या प्लेगच्या नमुन्यात पीएलएची रेषा गुणसूत्राच्या रेषेपेक्षा साधारण सात आवर्तने आधी चढली पाहिजे. कॅफ-१ तिच्या बऱ्याच मागे, गुणसूत्राच्या जवळपास असते. पीएलए ३५ला आणि बाकी दोन्ही निगेटिव्ह, असे आले तर जिवाणू खरोखरच फार थोडे असतील, एवढी शक्यता उरते. नमुना पुन्हा घ्यावा. पण पीएलए २२ला दणदणीत पॉझिटिव्ह आणि कॅफ-१ व गुणसूत्र दोन्ही गायब, असे दिसले तर 'नमुना कमजोर होता' हे स्पष्टीकरण चालत नाही. एवढ्या जिवाणूंचे गुणसूत्र तिशीच्या आतच दिसायला हवे होते. तिथे दुसरा जिवाणू किंवा प्रयोगशाळेतील दूषितीकरण, या दोहोंचाच विचार करावा. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून वापरलेल्या प्लाझ्मिडाचा एक अदृश्य तुषार पिपेटमधून उडाला, तरी असा आलेख मिळतो. म्हणूनच डीएनएविरहित कंट्रोल, नमुना काढण्याची आणि अभिक्रिया मिसळण्याची वेगळी खोली, आणि नमुन्यातील आंतरिक कंट्रोल (अभिक्रिया मुळात चालली का ते दाखवणारा) या गोष्टींना फाटा देता येत नाही. आंतरिक कंट्रोलच उमटला नसेल, तर अहवाल 'निगेटिव्ह' नसतो, 'अवैध' असतो; गाठीतल्या रक्तातील हीम हा हिमोग्लोबिनचा घटक अभिक्रिया अडवतो, हे त्याचे नेहमीचे कारण.

आपण पट्टीच्या चाचणीचाही उल्लेख केला आहे. एफ-१ प्रथिन पकडणारी ही पट्टी मादागास्करमध्येच विकसित झाली आणि २००३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ती पंधरा मिनिटांत उत्तर देते, विजेशिवाय चालते, आणि मिलिलिटरमागे अर्धा नॅनोग्रॅम प्रथिनही पकडते. कल्चरशी तुलना करणाऱ्या अभ्यासांचा २०२० साली जो एकत्रित आढावा झाला, त्यात तिची संवेदनशीलता जवळजवळ पूर्ण आणि विशिष्टता सुमारे ७० टक्के आली. हे आकडे कसे वाचावेत ते पाहू. समजा शंभर संशयितांपैकी खरे प्लेगचे दहा आहेत. पट्टी ते दहाही पकडेल, पण उरलेल्या नव्वदांपैकी सत्तावीस जणांनाही पॉझिटिव्ह म्हणेल. म्हणजे पॉझिटिव्ह सदतिसांत प्लेगचे दहाच. अर्थात हा हिशेब पट्टीवर थोडा अन्यायकारक आहे, कारण कल्चर स्वतःच अनेक खरे रुग्ण चुकवते आणि त्या 'खोट्या' सत्ताविसांत काही खरे असणारच. तरीही पट्टी निगेटिव्ह आली तर गाठीच्या प्लेगचा संशय बराच मावळतो आणि पॉझिटिव्ह आली तर पीसीआर लागतेच, असा तिचा उपयोग मला योग्य वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या व्याख्यांतही हीच दिशा आहे: कल्चरने जिवाणू मिळाला, किंवा पट्टी आणि पीसीआर दोन्ही पॉझिटिव्ह आल्या, किंवा दोन रक्तनमुन्यांतील प्रतिपिंडांत ठरावीक वाढ दिसली, तर रुग्ण 'निश्चित', एकटी पॉझिटिव्ह चाचणी त्याला 'संभाव्य' या पायरीवरच ठेवते. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे नेमके उत्तर हेच आहे. एक अडचण मात्र ध्यानात असू द्यावी: पट्टी आणि कॅफ-१ची पीसीआर एकाच प्लाझ्मिडावर उभ्या आहेत. एफ-१ नसलेले प्लेगचे वाण दुर्मीळ असले तरी आहेत, आणि ते या दोघींच्याही हातून एकदमच निसटतील.

चाचणीइतकीच महत्त्वाची असते ती चाचणीआधीची शक्यता. २०१७ साली ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात मादागास्करमध्ये शहरांत प्लेग पसरला, तेव्हा दोन हजार चारशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि दोनशेहून अधिक मृत्यू झाले. त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्ण फुप्फुसाच्या प्लेगचे संशयित होते, आणि त्यांच्यापैकी प्रयोगशाळेत निश्चित झालेले फारच थोडे. गाठीच्या संशयितांत मात्र निश्चितीचे प्रमाण पुष्कळ चांगले निघाले. घबराटीच्या दिवसांत खोकणारा प्रत्येक जण संशयित ठरतो, आणि थुंकी हा नमुनाही लाळ व इतर जिवाणूंनी भरलेला असतो. दुखरी गाठ असलेला माणूस त्यामानाने कमी फसवतो, आणि गाठीतला नमुना बंदिस्त जागेतून येतो. तरीही पायाच्या जखमेने आलेले साधे अवधाण, स्ट्रेप्टोकोकसची लागण, गुप्तरोगांच्या गाठी, हत्तीरोगातली सूज, अडकलेला हर्निया, हे सारे जांघेतच भेटतात. पायावर जखम आहे का, ताप आधी की गाठ आधी, घरात उंदीर मेले का, हे विचारल्याशिवाय पाठवलेला नमुना प्रयोगशाळेलाही अर्धाच कळतो.

एवढे सगळे असताना कल्चर ठेवावेच का? ठेवावेच. १९९५ साली मादागास्करच्या अंबालावाओ भागात गाठीचा प्लेग झालेल्या एका किशोरवयीन मुलाच्या नमुन्यातून जो वाण मिळाला, तो स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि सल्फोनामाइड या सगळ्यांना प्रतिरोधक होता, आणि हा प्रतिरोध वाहणारे प्लाझ्मिड दुसऱ्या जिवाणूंकडे जाऊ शकणारे होते. पीएलए आणि कॅफ-१ची पीसीआर अशा वाणाला कोणताही वेगळा आवाज न करता 'पॉझिटिव्ह' म्हणून पुढे पाठवेल. जिवाणू हाती असल्याशिवाय कोणते औषध चालेल ते पक्के सांगता येत नाही, आणि त्याचा संपूर्ण जनुकक्रम लावून तो कुठून आला हे शोधणेही सोपे जाते. तेव्हा पीसीआर पहिल्या दिवसाच्या निर्णयांसाठी आणि कल्चर त्यापुढच्यांसाठी, अशी कामाची वाटणी आहे.

आपल्याकडचा १९९४चा अनुभव या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. ऑगस्टच्या अखेरीस बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची हाकाटी झाली. लाखो लोकांनी सुरत सोडली, बाजारातून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले, विमाने आणि निर्यात अडली, आणि हा खरोखर प्लेग आहे की नाही यावर तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद चालू राहिला. बहुतेक निदान लक्षणांवर आणि रक्तातील प्रतिपिंडांवर उभे होते. दोन्ही ठिकाणच्या जिवाणूंवर पीसीआर व इतर रेण्वीय तपासण्या होऊन शंका फिटली ती नंतर, लाट ओसरून गेल्यावर. त्या वेळी दोन लक्ष्यांची पीसीआर पहिल्या दोन दिवसांत हाती असती, तर रोग थांबला असता असे मी म्हणणार नाही, पण वाद निश्चितच आटोपशीर झाला असता. २००२ साली हिमाचलच्या शिमला जिल्ह्यात आणि २००४ साली उत्तरकाशीच्या दंगुड गावात उद्रेक झाले, तेव्हा रेण्वीय तपासण्या निदानाच्या कामी बऱ्याच लवकर आल्या, आणि दोन्ही उद्रेक लहान परिसरातच आवरले.

क्षयरोगासाठी आता तालुक्यापर्यंत पोहोचलेली, बॅटरीवर चालणारी ट्रूनॅट यंत्रे प्लेगसाठी वापरता येतील का, असेही आपण विचारले आहे. गोव्यातील मोलबायो कंपनीचे हे यंत्र तत्त्वतः कोणत्याही जनुकाची पीसीआर करू शकते. पण यंत्र असणे आणि त्या रोगाची प्रमाणित, मान्यताप्राप्त चिप असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुमारे ६५ अंशांच्या एकाच तापमानावर, अर्ध्या ते एका तासात चालणाऱ्या लॅम्प या डीएनए वाढवणाऱ्या चाचणीचेही तसेच: प्रयोगशाळेत ती उत्तम चालते, यंत्रही स्वस्त पडते, पण तयार झालेला डीएनए एवढा प्रचंड असतो की नळी एकदा उघडली तर पुढचे कित्येक नमुने खोटे पॉझिटिव्ह येऊ शकतात. तालुका पातळीवर माझा कल आजही पट्टी, काचपट्टी आणि चांगला नमुना याच त्रयीकडे आहे. पीसीआर नमुना पोहोचेल तिथे, सरावलेल्या हातांनी व्हावी.

शेवटी व्यवहाराचे. संशय येताच प्रयोगशाळेच्या उत्तराची वाट न पाहता जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा सर्वेक्षण अधिकारी यांना फोनवर कळवावे. पुढे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राशी संपर्क त्यांच्यामार्फत होतो. नमुना तिहेरी वेष्टनात, 'प्लेग संशयित' असे ठळक लिहून पाठवावा, म्हणजे प्रयोगशाळेतील माणूस बेसावध राहून कल्चरची बशी उघड्यावर हाताळणार नाही. विनंतीपत्रावर ताप सुरू झाल्याची तारीख, गाठीची जागा, पहिल्या प्रतिजैविकाचे नाव व वेळ, आणि नमुना घेतल्याची वेळ एवढ्या चार गोष्टी न चुकता लिहाव्यात. पीसीआर निगेटिव्ह आली आणि रुग्णाचे चित्र तरीही प्लेगचेच दिसत असेल, तर औषध चालू ठेवून दुसऱ्या दिवशी गाठीतून पुन्हा नमुना घ्यावा, आणि तीन आठवड्यांनी प्रतिपिंडांसाठी दुसरे रक्त घेता यावे म्हणून पहिल्याच दिवशीचा रक्तद्रव राखून ठेवावा. रुग्ण बरा झाला का हे पाहण्यासाठी मात्र पीसीआर पुन्हा करू नये. मेलेल्या जिवाणूंचा डीएनए गाठीत काही काळ रेंगाळतो, आणि ताप उतरून हिंडूफिरू लागलेल्या माणसाला त्या कागदापायी विलगीकरणात अडकवून ठेवण्याचे कारण नाही.